साडेसहा गुण

जपानात मी बावीस वर्षं नोकरी केली आणि एवढ्या काळात स्वतः काहीही बनवलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायच्या, हे माझं काम. तोयोसुच्या ऑफिसात मला आपटे-सान, म्हणजे आपटेसाहेब, म्हणत. मी मीटिंगमध्ये घसा साफ केला की समोरची पोरं मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला लागत. आवाज माझा जन्मजात खरखरीत. त्यातून बोलायचं ते चुकांबद्दलच, त्यामुळे लोकप्रिय होण्याची धास्ती मला कधी वाटली नाही.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मात्र मला ती नोकरी लिहावीशी वाटेना. मी जे दुसरं काम केलं, ते लिहावंसं वाटलं. इथल्या मराठी मंडळींच्या शोधसूत्र स्पर्धेचा, म्हणजे शब्दकोड्यांतली सूत्रं रचण्याच्या स्पर्धेचा, मी सहा वर्षं परीक्षक होतो. त्याला पगार नव्हता आणि शिव्या भरपूर होत्या. त्या कामात मी एका माणसावर अन्याय केला. तोही मोठ्या प्रामाणिकपणे, दरवर्षी न चुकता.

सुरुवात झाली ती २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. अणुभट्ट्या बंद पडल्यामुळे वीज वाचवायची होती. ऑफिसातल्या निम्म्या ट्यूब काढून ठेवलेल्या, स्टेशनावरचे सरकते जिने बंद, एसी नावापुरता. मार्चमध्ये आमच्या हिगाशी-कसाईच्या इमारतीतली बरीच मराठी कुटुंबं भारतात निघून गेली होती. शैला, म्हणजे माझी बायको, तीही दोन महिने पुण्याला राहून आली. परतलेल्यांना एकमेकांची तोंडं बघायची होती आणि गणपतीला अजून अवकाश होता. म्हणून वॉर्डाच्या सभागृहात एका रविवारी दुपारी डबे घेऊन जमायचं ठरलं. तिथे हातपंख्यांनी वारा घेत बसलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून मी फळ्यावर एक ओळ लिहिली: ‘गरीब उलटला की वाहते (२)’.

कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं, एवढंच सांगितलं. कुणी घाम म्हणालं, कुणी नाक म्हणालं. एका गृहस्थांनी ‘हा गरिबांचा अपमान आहे’ असं म्हणून पाहिलं. मागच्या टेबलाशी कलिंगड कापत बसलेली शैला मान वर न करता म्हणाली, “नदी. दीन उलटा वाचा.”

सगळे एकदम बोलायला लागले. चांगलं सूत्र सुटलं की असंच होतं. आपण फसलो याचा राग येत नाही, उलट फसवणाऱ्याचं कौतुक वाटतं. त्या दुपारी भूकंपाचा विषय पहिल्यांदाच तासभर कुणी काढला नाही.

ज्यांनी असली कोडी सोडवलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नेहमीच्या शब्दकोड्यात ‘पाणी वाहणारा प्रवाह’ असं सरळ विचारतात. गूढ कोड्यातलं सूत्र दोन तुकड्यांचं असतं. एक तुकडा उत्तराचा अर्थ सांगतो, इथे ‘वाहते’. दुसरा तुकडा उत्तर कसं घडवायचं ते सांगतो, इथे ‘गरीब उलटला’. दोन्ही तुकडे असे शिवायचे की टाका दिसता कामा नये आणि वाचणाऱ्याला वाटावं, आपण एक साधं वाक्य वाचतो आहोत. सूत्राने फसवावं जरूर, पण खोटं बोलू नये. सोडवणाऱ्याच्या हातात सगळा माल द्यायचा आणि तरी त्याला दमवायचं, यात खरी कला आहे. मी ती कला परखू शकतो. माझ्या हातून ती साधत नाही, हेही आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

पुढच्या वर्षापासून रीतसर स्पर्धा सुरू झाली. इथे कुठल्याही कन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, कोड्यांची मासिकं ओळीने मांडलेली असतात आणि त्यांची उत्तरं लोक पोस्टकार्डावर पाठवतात. आम्ही ती पद्धत उचलली. उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही एक शब्द जाहीर करायचो. प्रत्येकाने त्या एका शब्दासाठी एकच सूत्र रचायचं आणि एका पोस्टकार्डावर पाठवायचं. पोस्टकार्डं अमृताकडे जात. ही तोयोसुत काम करणारी इंजिनिअर मुलगी, मला काका म्हणते. ती सगळी सूत्रं एकाच टायपात उतरवून, नावं काढून, क्रम पिसून माझ्याकडे पाठवायची. मी दहापैकी गुण द्यायचो आणि पुढे दोन शब्दांचा शेरा. निकालाबरोबर सगळी सूत्रं, गुण आणि शेरे सगळ्यांना जात. नाव फक्त पहिल्याचं. आणि त्या पहिल्याला मिळायचं आमच्या दिवाळी अंकाचं मधलं पान. तिथे त्याने संपूर्ण कोडं रचायचं, वर त्याचं नाव.

बक्षीस म्हणून ते एवढंच. पण त्या पानासाठी माणसं काय काय करत. त्सुकुबाहून एक पीएच.डी.चे विद्यार्थी दर वर्षी एका ओळीचं सूत्र आणि त्याचं स्पष्टीकरण अशी तीन पोस्टकार्डं पाठवायचे, आणि पहिल्यावर ‘१/३’ लिहायचे. ज्या सूत्राला स्पष्टीकरण लागतं ते नापास, असं मी दर वर्षी कळवायचो. एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, परीक्षकांना कुठल्या प्रकारचा विनोद चालतो? मी म्हटलं, कुठलाच नाही. ते म्हणाले, हो, तसं कानावर आलं होतं.

चुका माझ्याही झाल्या. दुसऱ्या वर्षी नमुन्याचं कोडं मीच रचलं आणि त्यात एका सूत्राचं उत्तर होतं पुण्यातल्या एका बसथांब्याचं नाव. मला वाटलं, हे काय, शेंबडं पोरही सांगेल. योकोहामाहून एका आईचा फोन आला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “आपटेसाहेब, माझा मुलगा मराठी वाचतो, पण उत्तर जपानीत देतो. पुणं त्याने आजीच्या गच्चीवरून पाहिलंय तेवढंच. तो आज कोडं टाकून उठला.” मला फार लाज वाटली. सगळा माल सोडवणाऱ्याच्या हातात द्यायचा हा नियम मीच सांगितलेला, आणि मीच माल पुण्यात ठेवून आलो होतो. त्यानंतर मी नियमांचा एक कागद तयार करून सगळ्यांना वाटला.

आता शैलाबद्दल. ते पान सगळ्यांनाच हवं होतं, पण शैलाला जितकं हवं होतं तितकं दुसऱ्या कुणालाही नसेल. पुण्यात ती शाळेत मराठी शिकवायची. माझ्या नोकरीपायी ती सोडून इथे आली. वीस वर्षं ‘आपटे-सानच्या ओकुसान’ म्हणजे आपटेंच्या सौभाग्यवती, एवढीच तिची ओळख. दर शनिवारी एखाद-दुसऱ्याला घरी मराठी शिकवायची, तेवढंच काय ते तिचं स्वतःचं काम. ‘एकदा ते पान करायचंय मला,’ असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती. मग पुन्हा कधी म्हणाली नाही. पण कपाटात चौकटी आखलेले कागद असायचे आणि त्यांतले शब्द दर वर्षी बदललेले दिसायचे.

आणि ती फार चांगली लिहायची. मला सूत्र पाहिल्यावर त्याची हाडं दिसतात. तिच्या सूत्रांत ती दिसत नसत. पुस्तकी शब्द नाही, ओढाताण नाही. भाजी निवडताना बोलावं तसं वाक्य. एका वर्षी शब्द होता ‘कामगार’. लोकांनी संप, कारखाने, लाल बावटे, काय काय आणलं. एका सूत्रात मात्र एवढंच होतं: ‘काम उरकलं की थंड, तो राबणारा (४)’. काम, त्यामागे गार, झाला कामगार. आणि वरवर वाचलं तर रविवारी जेवून सोफ्यावर पडलेला नवरा डोळ्यांपुढे उभा. तो नवरा कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

अमृताने नावं कितीही काढली तरी मी शैलाचं सूत्र पहिल्या वाचनात ओळखायचो. पंचवीस वर्षं एका ताटलीतलं खाल्ल्यावर हात ओळखू येतोच. आणि मग मला घाम फुटायचा. परीक्षकाच्या बायकोला पहिलं बक्षीस, म्हणजे लोकांच्या तोंडाला काय हात लावणार? आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी माप दुसऱ्या बाजूला झुकवायचो. तिला साडेसहा द्यायचो. साडेसहा हा फार सोयीचा आकडा आहे. अपमान होत नाही आणि वरही जाता येत नाही. शेरा लिहायचो, ‘घरगुती’. नाहीतर ‘ठीक’.

हे मी चोरून केलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. उलट आपण किती कडक, किती निःपक्षपाती, याचा मला अभिमान होता. घरात त्याबद्दल बोलणं होत नसे. निकाल आला की ती कागद वाचायची, घडी घालायची आणि कुकर लावायला उठायची.

सहाव्या वर्षी शब्द होता ‘साखर’. बत्तीस सूत्रं आली. बाविसाव्या क्रमांकावर मी थबकलो. ‘तसा खरखरीत, पण पोटात गोडवा (३)’.

मी ते दोनदा वाचलं. ‘तसा खरखरीत’ ही अक्षरं सलग वाचा, त्यांच्या पोटात ‘साखर’ जशीच्या तशी बसलेली आहे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. उत्तर डोळ्यांसमोर उघडं ठेवलेलं आणि तरी दिसत नाही. माझ्या सहा वर्षांतलं ते सर्वांत सुंदर सूत्र होतं. आणि ते माझ्यावर होतं, यात शंकाच नव्हती. या घरात माझ्या खरखरीतपणाबद्दल एकच व्यक्ती बोलते. मनातून मी सुखावलो, आणि साडेसहा दिले. या खेपेला शेरा जरा सविस्तर लिहिला: ‘घरगुती. व्याख्या सैल.’ पहिला नंबर रोहन नावाच्या एका तरुणाला दिला. त्याचं सूत्रही चांगलं होतं, पण त्याची हाडं दिसत होती.

निकाल गुरुवारी गेला. शनिवारी दुपारी मोरिता-सान आले.

मोरिता-सान हे शैलाचे विद्यार्थी, तिला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणायचे. वय सत्तरीच्या आसपास. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या पुण्याजवळच्या कारखान्यात ते काही वर्षं दर्जा तपासणीचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर, तिथल्या कामगारांशी आपण दुभाष्यामार्फतच बोललो याची त्यांना खंत वाटली, म्हणून मराठी शिकायला लागले. दर शनिवारी योकोहामाहून गाड्या बदलत आमच्याकडे यायचे. पाच वर्षांत त्यांनी एकही शनिवार चुकवला नव्हता. मराठी हळू बोलत, पण वाक्य पूर्ण करत. हल्लीच्या मराठी माणसांबद्दल हे म्हणता येईलच असं नाही.

त्या दिवशी शैलासमोर वही न उघडता ते माझ्याकडे वळून बसले.

“आपटे-सान, एक विनंती आहे. तुम्हाला वेळ असेल तरच.”

“बोला ना.”

“मी यंदा स्पर्धेत पोस्टकार्ड पाठवलं होतं. सेन्सेईंना सांगितलं नव्हतं. बाविसावं सूत्र माझं आहे.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “तसा खरखरीत?”

“हो. ते तुमच्यावरून सुचलं. क्षमा करा.” त्यांनी मान लववली. “फोनवर तुमचा आवाज ऐकून मी पहिल्यांदा घाबरलो होतो. नंतर पावसात तुम्ही मला छत्री घेऊन स्टेशनपर्यंत सोडायला आलात.”

शैला हसली. मला हसू येईना.

“साडेसहा गुण मिळाले,” मोरिता-सान म्हणाले. “पहिल्या वेळेला ते खूपच आहेत. पण मला दोष दुरुस्त करायचा आहे. ‘घरगुती’ हा दोष आहे का, ते मला कळलं नाही. आणि ‘व्याख्या सैल’. मी सगळी सूत्रं वहीत उतरवली.” त्यांनी वही उघडली. बत्तीस सूत्रं, समोर गुण, समोर शेरा, पट्टीने आखलेलं. “नवव्या सूत्रात साखरेला ‘गोडी’ म्हटलं आहे. त्याला साडेआठ. ‘गोडी’ घट्ट आणि ‘गोडवा’ सैल, हा फरक मला शिकायचा आहे. आता सेन्सेईंनाही विचारतो.”

“मला नाही माहीत बाई असा काही फरक,” शैला म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली.

मी घसा साफ केला. “कसं आहे, गोडवा म्हणजे... स्वभावातला. माणसाच्या.”

मोरिता-सानांनी ते लिहून घेतलं. थोडा वेळ वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पण वरवर वाचताना माणसाबद्दलचंच वाक्य वाटायला हवं ना? तुमच्या नियमांच्या कागदावर तसं आहे. चौथा नियम.”

माझा नियम, मीच लिहिलेला. ते वाट पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, आणि ती असती तर मला किती बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं. हा माणूस माझ्याकडे शिकायला आला होता.

“आमच्या कारखान्यात,” ते सावकाश म्हणाले, “जो भाग नाकारायचा त्याला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर कारण लिहावंच लागतं. कारण नसेल तर तो भाग परत चांगल्या भागांत जातो. पुण्याला मी मुलांना हेच शिकवलं. कारण लिहिलं नाही, तर ज्याने तो भाग बनवला तो उद्या काय सुधारणार?”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या आणि प्रत्येक चुकीखाली कारण लिहिलं होतं. ऑफिसात कारणाशिवाय एक ओळ कधी परत पाठवली नाही.

“मोरिता-सान,” मी म्हटलं, “यात दोष नाही. तुमचं सूत्र पहिलं यायला हवं होतं. मला वाटलं, ते शैलाचं आहे.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शैलाकडे. मग अगदी हळू वही मिटली. “आज मी लवकर निघतो,” ते म्हणाले. दारात बूट घालून त्यांनी दोघांनाही वाकून नमस्कार केला. शैलापुढे जरा जास्त वेळ वाकले, असं मला वाटलं.

दार लागल्यावर शैला कप गोळा करायला लागली. मी म्हटलं, “तुझं समजून चूक झाली. मी उद्या सगळ्यांना कळवतो.”

“मी यंदा पाठवलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“का?”

“दर वर्षी साडेसहा. मी काहीही लिहिलं तरी साडेसहा.” तिने कप तसेच ठेवले आणि बसली. “आता एक सांगा. ते सूत्र माझं असतं, तर आज तुम्ही काय केलं असतं?”

मी टेबलावरच्या पेपरची घडी सरळ करायला लागलो.

“काही नाही. कुकर लावला असता मी, आणि तुम्ही पेपर वाचला असता.” तिचा आवाज चढला नव्हता. “मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुम्हाला यातलं कळतं, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार. मोरिता-सानना शिकवतानासुद्धा मनात यायचं, साडेसहाचं मराठी शिकवतेय मी त्यांना. एकदा तरी विचारायचं होतं मला, काय चुकतं म्हणून. पण घरातच परीक्षक, कसं विचारायचं? तुम्ही म्हणाला असतात, बघ, वशिला लावायला आली.”

मी खरंच तसं म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या वर्षांचे सगळे कागद काढले आणि तिची पाच सूत्रं पुन्हा तपासली, या वेळी कारणं लिहून. तीन वर्षं ती निर्विवाद पहिली होती. एका वर्षी दुसरी. आणि एका वर्षी तिचं सूत्र खरोखरच साडेसहाचं होतं, अर्थ ताणलेला आणि शेवट लंगडा. हे शेवटचं मला सगळ्यांत जास्त लागलं. पाचही वर्षं तेवढेच गुण देऊन मी तिचं पान तर घेतलं होतंच, पण कुठलं लिहिणं चांगलं आणि कुठलं वाईट हे कळण्याची सोयही काढून घेतली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, “आता काय उपयोग?” पण घडी घातली नाही, उघडाच टेबलावर ठेवला.

त्या रविवारी मी सगळ्यांना पत्र पाठवलं आणि काय घडलं ते शैलाच्या परवानगीने जसंच्या तसं लिहिलं. अमृताचा फोन आला. “काका, नावं काढण्यात मी दर वर्षी चार रविवार घालवते. तुम्ही मला आधी सांगितलं असतंत, तर मी निदान झोपले तरी असते.” रोहनने पान सोडायची तयारी दाखवली. मोरिता-सान मात्र तयार होईनात. निकाल जाहीर झाला आहे, रोहनची काही चूक नाही, आणि मला दोष हवा होता तो नाही हे कळलं, एवढं पुरे, असं त्यांनी सुरेख मराठीत कळवलं. मग मी शैलाला म्हटलं, पुढच्या वर्षीचं मधलं पान तुला देऊ, समितीही तयार आहे.

“दिलेलं पान नको,” ती म्हणाली.

मी परीक्षकपद सोडलं आणि माझ्या जागी मोरिता-सानांचं नाव सुचवलं. समितीत कुरकूर झाली. मराठी सूत्रं जपानी माणूस तपासणार? आणि शिवाय ते शैलाताईंचे विद्यार्थी, त्यांचा हात ते ओळखणारच. मोरिता-सानांना तसं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ओळखेन. पण कारण लिहावं लागेल.” त्यांनी एकच अट घातली होती. दहापेक्षा जितके गुण कमी, त्या प्रत्येकाचं कारण कागदावर यायला हवं. कारण सुचलं नाही तर गुण कापायचा नाही. यावर समितीने हरकत मागे घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात शैलाने पुन्हा पोस्टकार्ड पाठवलं. काय लिहिलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निकाल आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. मी छापून आणून दिला. पान नागोयाच्या एका मुलीला मिळालं होतं. शैलाने आपल्या सूत्रावर बोट ठेवून दाखवलं: सात गुण आणि खाली तीन कारणं.

मला वाईट वाटलं. साडेसहाचे सात झाले, म्हणजे एवढ्या रामायणानंतर अर्धा गुण. ती मात्र खुर्चीवर बसून कारणं मोठ्याने वाचायला लागली. पहिलं: दुसरा शब्द काढला तरी सूत्र पूर्ण होते, मग तो शब्द कशासाठी? दुसरं: वरवरच्या अर्थात गाडी सुटली आहे, पण ती कुठे निघाली ते समजत नाही. तिसरं: शेवट घाईचा आहे, लिहिणारी व्यक्ती कामात होती का?

“होते ना कामात,” ती म्हणाली. “गॅसवर दूध होतं.” आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. दुसरं कारण तिने पुन्हा वाचलं आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून. पण पहिलं तिला पटेना. तो शब्द हवाच, त्याच्याशिवाय वाक्याला चाल राहत नाही, असं ती मला सांगायला लागली. मग मध्येच थांबली, हात पुसले आणि योकोहामाला फोन लावला.

पाऊण तास भांडण चाललं. ती पदर खोचून, उभं राहून, शाळेत शिकवायची त्या आवाजात बोलत होती. पलीकडून मोरिता-सानही मागे हटत नसावेत, कारण ती मधूनमधून “नाही, नाही, ऐका तुम्ही” म्हणत होती. तिचा तो आवाज मी जपानात आल्यापासून ऐकला नव्हता. माझ्याशी या सूत्रांवरून ती पाच वर्षांत एकदाही भांडली नव्हती. भांडायला मी तिच्या हातात काही ठेवलंच नव्हतं. शेवटी मी उठलो आणि कुकर लावला.